हॉलमध्ये आधी कोण हसतं?

तुमचा प्रश्न असा: तुमची संस्था काम करते त्या भागात चार समाज शेजारीशेजारी राहतात. चौघांच्या भाषा वेगळ्या, व्यवहारापुरती पाचवी भाषा सगळ्यांना येते, आणि एकमेकांबद्दलची मतं आजी-आजोबांच्या काळापासून पक्की झालेली. तिथे या समाजांच्या स्वतःच्या भाषांतले सिनेमे दाखवले तर समजूत वाढेल का? की 'सिनेमा माणसं जोडतो' हे उद्घाटनाच्या भाषणापुरतंच खरं? शिवाय चार भाषांपैकी तिघींत दाखवण्याजोगे सिनेमे आहेत, चौथीत एकही नाही. तिचं काय करायचं?

मी गेली बावीस वर्षं सबटायटलं लिहिते. मोठ्या भाषांचं काम पोटासाठी, लहान भाषांचं हौसेनं. जोडीला अशा सिनेमांचे खेळ लावते आणि खेळ संपल्यावर लोकांना बोलतं करते. माझा अनुभव सांगायचा तर उपयोग होतो, पण आपण समजतो त्या कारणानं होत नाही. सलोख्याचा संदेश देणारा सिनेमा बघून कुणाचं मत पालटलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. फरक पडतो तो दुसऱ्याच प्रकारानं. एरवी ज्याला सगळं आपसूक कळतं, त्याला दोन तास परक्या भाषेत बसावं लागतं, आणि समोरचा सिनेमा आपल्यासाठी बनवलेलाच नाही हे हळूहळू त्याच्या लक्षात येतं, तेव्हा.

एक प्रसंग सांगते. हॉलमध्ये दोन समाजांचे मिळून शंभरेक लोक होते. सिनेमा त्यातल्या लहान समाजाच्या भाषेतला, सबटायटलं माझी. एका दृश्यात मोठ्या समाजातला एक साहेब जमीन मोजायला गावात येतो. दारात बसलेला म्हातारा त्याच्याकडे बघतो, एक वाक्य बोलतो. खाली माझं सबटायटल: 'या साहेब, बसा.' हॉलचा मागचा अर्धा भाग खो खो हसत सुटला. पुढचा अर्धा भाग माना वळवून मागे बघायला लागला. पडद्यावर तर काहीच विनोदी घडलेलं नव्हतं.

खेळ संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, 'तिथे हसलात कशाला?' थोडा वेळ कुणी बोलेना. मग मागून एका आजींनी सांगितलं की म्हाताऱ्यानं 'बसा' म्हणताना जे क्रियापद वापरलं ते त्यांच्याकडे जनावराला खाली बसवताना वापरतात. स्वर अगदी मऊ, शब्द मात्र तो. साहेबाला भाषा येत नाही, त्यामुळे तो खूश होऊन बसतो. यावर पुढच्या रांगेतले दोघंतिघं हसले, एकाचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, 'म्हणजे आमच्याशीही असंच बोलता का तुम्ही?' आजी म्हणाल्या, 'कधी कधी.'

त्यानंतर जे अर्धा तास बोलणं झालं, तसं बोलणं त्या दोन समाजांत समोरासमोर कधी झालं नसावं. सिनेमाच्या विषयावर त्यात एक वाक्य नव्हतं. कोण कुणाला कसं बोलावतं, कोणत्या शब्दानं चीड येते, बाजारात कुणाचं नाव मुद्दाम चुकीचं घेतलं जातं, असलंच सगळं. त्या बोलण्यात माझा वाटा एवढाच की मी सबटायटल चुकवलं होतं. म्हाताऱ्यानं ज्याला जनावरासारखं बसवलं त्याला मी आदरानं बसवलं होतं. पुढच्या प्रतीत मी 'बस खाली' केलं. मराठीत एकेरीवर आलं की निदान अर्धी गंमत कळते.

हे दोन सेकंदांचं अंतर मला फार मोलाचं वाटतं. आधी हसणारे आणि नंतर, किंवा कधीच न हसणारे. रोजच्या जगण्यात लहान भाषेचा माणूसच उशिरा हसतो. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात आणि टीव्हीसमोरही दुसऱ्याच्या भाषेतला विनोद पकडताना त्याची दमछाक होते. हॉलमध्ये ते उलटं होतं. मोठ्या भाषेच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मागे राहिल्यासारखं वाटतं. दुसऱ्याची व्यथा समजावून सांगणारं भाषण ऐकून जे होत नाही ते या अवघडलेपणानं होतं. सगळ्यांचंच होतं असं नाही. काही जण चिडून उठून जातात.

आता 'आपल्यासाठी बनवलेलाच नाही' याबद्दल. कॅनडाच्या उत्तरेला इग्लूलिक नावाचं इनुइट लोकांचं बेटावरचं गाव आहे. सत्तरच्या दशकात उपग्रहावरून टीव्ही तिथे येऊ घातला होता. गावानं १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये मतदान करून तो नाकारला, कारण त्यावर त्यांच्या इनुक्तितुत भाषेत काहीच नव्हतं. इनुइट लोकांचं स्वतःचं प्रसारण सुरू झाल्यावर, १९८३ च्या सुमारास, गावानं टीव्ही घरात घेतला. याच गावच्या झकारियास कुनुक यांनी १९८१ मध्ये आपली दगडी शिल्पं विकून पहिला व्हिडिओ कॅमेरा घेतला. त्यांचा 'अतानारजुआत' २००१ मध्ये आला. संपूर्ण इनुक्तितुतमधला पहिला पूर्ण लांबीचा कथापट, जवळजवळ तीन तासांचा. त्याला फ्रान्समधल्या कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा 'कॅमेरा द'ओर' मिळाला.

तुम्ही तो पाहिला नसेल तर जरूर पाहा, आणि पहिली वीस मिनिटं काहीही कळलं नाही तरी उठू नका. कोण कुणाचा कोण, वैर कशावरून, गावावर कसली सावली पडली आहे, हे कुणीही थांबून समजावत नाही. गावातल्या माणसांना ती कथा आजीच्या तोंडून ठाऊक आहे, मग समजावायचं कुणाला? बाहेरच्या प्रेक्षकाला चेहरे, आवाज, बसण्याच्या जागा यांवरून नाती जुळवावी लागतात. नव्या सुनेला सासरी पहिले काही दिवस जसं होतं, तसंच. आणि त्या कष्टामुळेच शेवटी ती माणसं आपली ओळखीची होतात. मूळ दंतकथेत सूड रक्तानं पुरा होतो, सिनेमात मात्र नायक हत्यांची मालिका थांबवतो. हा बदल त्यांनी आपल्या लोकांशी बोलताना केलाय, जगाला उपदेश म्हणून केलेला नाही. त्यामुळेच तो बाहेरच्यालाही लागतो.

याच्या उलट प्रकारचे सिनेमे ढीगभर आहेत. एक शहरी पाहुणा येतो, गाव त्याला सगळं दाखवतं, आणि आपण त्याच्या खांद्यावरून बघतो. सण, नाच, पोशाख, एखादा शहाणा म्हातारा. भाषा त्यांची असली तरी वाक्यं आपल्यासाठी लिहिलेली असतात. घरात कुणी आपल्याच भावाला 'आपल्या जमातीत अशी प्रथा आहे की' असं सांगतं का? असं वाक्य ऐकू आलं की समजावं, लेखक प्रेक्षकाकडे तोंड करून बसलाय. अशा सिनेमानं कुतूहल भागतं, पण शेजाऱ्याबद्दलचं मत होतं तिथेच राहतं.

सेनेगलचे उस्मान सेम्बेन फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहीत. ज्यांच्याविषयी लिहितो त्यांनाच वाचता येत नाही, हे जाणून ते सिनेमाकडे वळले. १९६८ च्या 'मांदाबी'साठी त्यांनी प्रत्येक दृश्य दोनदा चित्रित केलं, एकदा फ्रेंचमध्ये आणि एकदा सेनेगलच्याच वोलोफ भाषेत; फ्रेंच आवृत्ती ही पैसे देणाऱ्यांची अट होती. आज लोक आठवतात ती वोलोफ आवृत्ती.

बोलिव्हियाच्या होर्हे सान्हिनेस यांची गोष्ट तर प्रत्येक संस्थेनं भिंतीवर लावावी अशी आहे. १९६९ च्या 'यावार माल्कू' या केचुआ भाषेतल्या सिनेमासाठी त्यांचं पथक सामान लादून डोंगरातल्या काता गावी पोचलं, तर गाव ढुंकून बघेना. त्यांनी मुखियाशी बोलून परवानगी मिळवली होती. मुखिया 'हो' म्हणाला की गाव 'हो' म्हणतं, असा शहरी हिशोब. तिथे निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो हे त्यांना उशिरा कळलं. अखेर कोकाच्या पानांचा कौल लावला गेला, कौल बाजूनं पडला, मग काम सुरू झालं. पुढे सान्हिनेस यांनी स्वतःच लिहून ठेवलं की सिनेमातला फ्लॅशबॅक आणि क्लोजअपांचा मारा ज्यांच्यासाठी तो बनवला त्या शेतकऱ्यांनाच परका वाटला. म्हणून नंतरच्या सिनेमांत त्यांनी लांब दृश्यं आणि घोळक्यात उलगडणारी कथा घेतली. म्हणजे नुसते संवाद त्या भाषेत असून भागत नाही. गोष्ट सांगायची रीतही त्या लोकांची लागते.

ऑस्ट्रेलियातल्या 'टेन कनूज'मध्ये (२००६, रोल्फ द हीर आणि पीटर जिगिर) हे पात्रनिवडीपर्यंत गेलं. सिनेमाचं बीज १९३७ सालच्या एका छायाचित्रात आहे: दलदलीत झाडाच्या सालीच्या होड्या घेऊन उभे दहा पुरुष. रामिनगिनिंग या आदिवासी गावच्या लोकांनी त्या फोटोतले आपले पूर्वज ओळखले आणि ज्याचा पूर्वज त्याचा त्या भूमिकेवर हक्क, असं ठरलं. कोण कुणाची बायको म्हणून उभी राहू शकते हेही नात्याच्या नियमांनी ठरलं. दिग्दर्शकाला कोण शोभतं याला तिथे किंमत नव्हती. सिनेमाच्या आवृत्त्याही निरनिराळ्या निघाल्या. बाहेरच्यांसाठी नट डेव्हिड गुलपिलिल यांच्या इंग्रजी निवेदनाची, आणि तिथल्या योलंगू लोकांसाठी निवेदनासकट सगळं त्यांच्याच भाषेत, खाली एकही अक्षर नाही अशी. मला ही शेवटची कल्पना फार आवडते. आपल्या सिनेमावर दुसऱ्याची लिपी नको, एवढं म्हणायचा हक्क त्यांना आहेच.

आता माझ्या धंद्याकडे येते. इथे थोडी लांबण लागेल, कारण समाजासमाजातली समजूत वाढते किंवा बिघडते ती पुष्कळदा या दोन ओळींत.

सबटायटलला जागा किती? दोन ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं, पडद्यावर फार तर सहा-सात सेकंद. माणूस जेवढं बोलतो त्यातला बराच भाग गाळावा लागतो. काय गाळायचं याचे आमचे ठरलेले नेम आहेत: संबोधनं, हुंकार, द्विरुक्ती, शपथा. पण लहान भाषांच्या सिनेमात नेमकं तिथेच सगळं असतं. भाऊ भावाला नावानं हाक मारतो की नात्यानं, सून सासऱ्याचं नाव टाळून वाक्य कसं फिरवते, म्हातारी 'हं' कुठे म्हणते आणि कुठे म्हणत नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी. आपल्याकडे येणारी बहुतेक सबटायटलं मूळ भाषेतून मराठीत येत नाहीत, इंग्रजीतून येतात. इंग्रजी ही मधली चाळणी. मूळ भाषेत आईच्या बहिणीला एक शब्द, बापाच्या बहिणीला दुसरा, मामाच्या बायकोला तिसरा. इंग्रजीत तिघी 'आंट'. मग मराठीत येताना मी डोकं धरून बसते: मावशी, आत्या की मामी? आपल्याकडे तिन्हींना चोख शब्द आहेत, मूळ भाषेतही होते, आणि तरी वाटेत नातं हरवलं. तू-तुम्हीचं तेच. इंग्रजीतला 'यू' बघून कुणी सासऱ्याला 'तू' करून ठेवतं आणि पुढचं सगळं भांडण निरर्थक होऊन बसतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'वुई'मुळे. केचुआत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत: ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर 'न्योकान्चिक', त्याला सोडून बोलायचं तर 'न्योकायकु'. त्याच डोंगरांतल्या आयमारा भाषेत 'हिवासा' आणि 'नानाका'. न्यूझीलंडच्या माओरीत दोघांपेक्षा जास्त माणसं असली तर 'तातोउ' आणि 'मातोउ'. मराठीला हा फरक पाळण्यातून ठाऊक. 'आपण उद्या जाऊ' आणि 'आम्ही उद्या जाऊ' यांत ऐकणारा माणूस आत की बाहेर, हे सांगावं लागत नाही. (आपल्याकडे 'आपण' आदरार्थीही आहे आणि 'आपल्याला नाही जमणार बुवा' असा एकट्याचाही आहे, ते निराळं.) इंग्रजीत दोन्ही 'वुई'. आता कल्पना करा, गावसभेत एक माणूस पाहुण्यासमोर बोलताना मध्येच 'आपण'वरून 'आम्ही'वर जातो. त्या क्षणी पाहुण्याला दाराबाहेर केलेलं असतं. ज्याची ती भाषा आहे तो प्रेक्षक दचकतो. मराठी प्रेक्षकही दचकला असता, भाषेनं तशी सोय ठेवलीच आहे. पण मधल्या चाळणीतून आलेल्या सबटायटलात दोन्हीकडे 'आम्ही' पडलेलं असतं आणि सभेतला तो क्षण कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुमच्या चार भाषांचं काम करताना म्हणूनच हट्ट धरा: पाचव्या, व्यवहाराच्या भाषेतून सबटायटल करू नका. एका भाषेतून दुसरीत थेट करा. दोन्ही भाषा येणारी माणसं तुमच्याकडे नक्की असणार, मिश्र लग्नांत तर हमखास. ती व्यावसायिक अनुवादक नसतील. नसू देत. टाइमकोड, म्हणजे कोणती ओळ पडद्यावर कधी येते-जाते ते, बसवणं कुणालाही आठवड्यात शिकवता येतं, आत्या आणि मावशीतला फरक आठवड्यात शिकवता येत नाही.

पात्रं दोन भाषांत बोलत असतील तर सबटायटलात ते दिसलं पाहिजे. मेक्सिकोच्या 'रोमा'मध्ये (२०१८) मालकाच्या घरात स्पॅनिश आणि दोन मोलकरणींची आपापसात मिश्तेक ही आदिवासी भाषा. मिश्तेक संवादांची सबटायटलं कंसात टाकलेली होती. साधीच युक्ती, पण भाषा कुठे बदलली हे कळतं, आणि त्या मुली कुणासमोर कोणती भाषा गिळतात हेही कळतं. गंमत म्हणजे याच सिनेमाला स्पेनमध्ये स्पॅनिश संवादांखाली स्पेनच्या स्पॅनिशची सबटायटलं लावली गेली. आईसाठीच्या 'मामा'च्या जागी 'माद्रे' वगैरे. जानेवारी २०१९ मध्ये दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांच्यासह अनेकांनी आरडाओरडा केल्यावर ती काढली. कळणाऱ्या बोलीलाही सबटायटल लावलं की बोलणाऱ्याला आपण परका ठरवतो. तुमच्या चारांतल्या दोन भाषा जवळच्या असतील तर हे ध्यानात असू द्या.

डबिंगबद्दल थोडक्यात. डिस्नेचा 'मोआना' माओरीत आला, 'फ्रोझन २' युरोपच्या उत्तर टोकाच्या उत्तर सामी भाषेत आला. मुलांना आपली भाषा पडद्यावर ऐकू येते, तिचा मान वाढतो, हे उत्तमच. पण तुमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. त्यात लहान भाषा मोठ्या सिनेमाला आवाज देते, शेजाऱ्याच्या कानावर काही जात नाही.

समाजासमाजात सिनेमा थेट पूल झाल्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण ब्राझीलचं आहे. व्हिन्सेंट कारेली यांनी ऐंशीच्या दशकात 'व्हिडिओ नास आल्देयास', म्हणजे 'गावागावांत व्हिडिओ', हा प्रकल्प सुरू केला. आधी आदिवासी लोकांचं चित्रण करायचं आणि लगेच त्यांनाच दाखवायचं. नाम्बिक्वारा लोकांनी आपल्या समारंभाचं चित्रण बघितलं आणि नाराज झाले: अंगावर किती हे कपडे! पुन्हा नीट करू या म्हणाले, आणि वीसेक वर्षं सोडून दिलेला नाक-ओठ टोचण्याचा विधी कॅमेऱ्यासमोर पुन्हा केला. पुढे वायापी लोकांना व्हिडिओवर झोए हा दुसरा समाज दिसला. दोघांच्या भाषा तुपी कुळातल्या, बरंचसं कळण्याजोग्या. वायापींचे प्रमुख वायवाय हे बघून थेट त्यांच्या भेटीला गेले. १९९३ च्या माहितीपटात ते परत येऊन आपल्या गावाला सांगतायत: हे लोक आपल्या पूर्वजांसारखे राहतात. आणि झोएंना काय हवं होतं? बाहेरचे गोरे लोक जवळ येत होते, त्यांच्यापासून कोणते धोके आहेत, हे त्यांना वायापींकडून ऐकायचं होतं. एकाला आपला भूतकाळ बघायला मिळाला, दुसऱ्याला येऊ घातलेल्या दिवसांची सूचना. मध्ये कुणी राष्ट्रभाषा नाही, निवेदक नाही, दोघांनाही समजावून सांगणारा तज्ज्ञ नाही.

याच्या विरुद्ध टोकाचं एक उदाहरण मुद्दाम देते, कारण ते माझ्याच म्हणण्याला छेद देतं. उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांनी कित्येक दशकं हिंदी सिनेमे प्रेमानं पाहिले. भाषा येत नाही, धर्म निराळा, बहुतेकदा सबटायटलं इंग्रजी. तरी थोरल्यांचा मान, लग्नात घरच्यांचा शब्द, प्रेम आणि मर्यादा यांची ओढाताण, हे त्यांना पाश्चात्त्य सिनेमापेक्षा आपलं वाटलं. पुढे हौसा भाषेतला त्यांचा स्वतःचा व्हिडिओ-सिनेमा उभा राहिला त्यात गाणी आणि नाच आले ते इथूनच. म्हणजे भाषा न कळताही जवळीक होते? होते. पण ती दूरच्याशी होते. दूरच्या माणसाशी जमीन, पाणी, नोकरी यांवरून भांडण नसतं. शेजाऱ्याशी असतं, आणि तिथे शब्द कळावेच लागतात.

शब्द कळले म्हणजे झालं असंही नाही. रवांडात हुतू, तुत्सी आणि त्वा एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा. १९९४ मध्ये तिथे तुत्सींचा नरसंहार झाला; त्यासाठी १९९३-९४ मध्ये रेडिओवरून द्वेष पसरवला गेला तो याच भाषेत, विनोद आणि गाण्यांच्या सुरेल वेष्टनात. मातृभाषा आतपर्यंत पोचते आणि ती विषही तेवढंच आत पोचवते. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच भाषेत 'मुसेकेवेया' ही रेडिओ मालिका सुरू झाली. दोन गावांचं वैर, त्यात अडकलेलं प्रेम, असा मामला. एलिझाबेथ लेव्ही पालक या मानसशास्त्रज्ञांनी तिचा वर्षभर अभ्यास केला, निष्कर्ष २००९ मध्ये आले. काही गटांना ही मालिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची दुसरी. श्रोत्यांची स्वतःची मतं फारशी बदलली नाहीत. बदललं ते 'आपल्यात काय चालतं' याचं भान: आंतरविवाह, विश्वास, उघडपणे वेगळं मत मांडणं. वागणंही थोडं बदललं. आणि ऐकणं गटात होतं, एकेकट्यानं नव्हे.

ही रेडिओची गोष्ट आहे, सिनेमाची नाही. पण मी हॉलमध्ये जे बघत आले त्याच्याशी ती जुळते. एकट्यानं मोबाइलवर सिनेमा पाहून माणूस हळहळतो आणि झोपतो. शेजारची माणसं कुठे हसली, कुठे गप्प झाली, कोण उठून बाहेर गेलं, हे त्याला दिसतं तेव्हा मात्र त्याच्या मनातला 'लोक काय म्हणतील' यातला 'लोक' थोडा बदलतो. म्हणून 'लिंक पाठवतो, घरी बघा' हा उपाय मी करत नाही.

माझी एक मोठी चूकही सांगून टाकते. एका ठिकाणी सलोख्याचा म्हणून गाजलेला सिनेमा मी लावला. शेवटी दोन समाज गळ्यात गळे घालतात वगैरे. पण त्यात एका समाजाचं एकमेव ठळक पात्र होतं गडी, आणि त्याचं दुसऱ्या भाषेतलं मोडकंतोडकं बोलणं हाच दोन तासांचा विनोद. त्या समाजाची पोरं पहिल्या रांगेत होती. मध्यंतरानंतर ती रांग रिकामी. मी सिनेमा आधी पाहिला होता, दोनदा, आणि मला ते खटकलं नव्हतं. तेव्हापासून कुठलाही सिनेमा निवडताना मी एकच बघते: दुसऱ्या समाजाचं माणूस पडद्यावर आपल्या भाषेत पूर्ण वाक्य बोलतं का? विचार करून, भांडून, खोटं बोलून, कसंही. नसेल तर मग शेवटी कितीही गळाभेटी असोत, तो सिनेमा मी लावत नाही.

मिश्र भाषेचे सिनेमे सहसा या कसोटीला उतरतात, पण व्यवस्थेला ते पचत नाहीत. दिग्दर्शक जेनेव्हीव्ह नाजी यांचा नायजेरियन 'लायनहार्ट' २०१९ मध्ये ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागातून बाद झाला, कारण त्या विभागाला बहुतांश संवाद इंग्रजीखेरीज भाषेत लागतात, आणि यात इग्बो ही तिथली भाषा फक्त अकराएक मिनिटं, बाकी इंग्रजी. नाजी यांचं म्हणणं होतं की पाचशेहून अधिक भाषांच्या देशात इंग्रजीच दुवा आहे, आम्ही असेच बोलतो. नियम नियमाच्या जागी बरोबर होता, त्या त्यांच्या जागी. तुमच्याकडेही कुणी तरी 'शुद्ध' भाषेचा आग्रह धरेल. माणसं बाजारात जशी बोलतात तसा सिनेमा असेल तर तो लावा.

खेळ लावायच्या पद्धतीबद्दल. पहिला खेळ ज्यांची भाषा त्यांच्याच वस्तीत, फक्त त्यांच्यासाठी. त्यांना काही आक्षेपार्ह वाटलं तर बाकीच्यांना दाखवायचं की नाही हे ते ठरवतील, आणि ते 'नाही' म्हणाले तर नाही. मग एकत्र खेळ. एका समाजाचा दाखवला की महिन्याभरात दुसऱ्याचा दाखवा, नाही तर 'त्यांचंच कौतुक' सुरू होतं. ओळख करून द्यायला पाहुणा बोलावू नका, त्या भाषेतलाच कुणी उभा राहू दे, आपल्याच भाषेत बोलू दे. आवाजाची व्यवस्था चांगली हवी, चित्र थोडं फिकं चालेल. चर्चेला 'काय संदेश मिळाला?' असं कधीही विचारू नका. शाळा सुटल्यासारखे लोक पळतात. 'कुठे कळलं नाही?' हे विचारा, आणि उत्तर आपण देऊ नका. पहिली पाच मिनिटं शांततेत जातील, ती जाऊ द्या.

राहिली तुमची चौथी भाषा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैडा भाषेत अस्खलित बोलणारे दोन डझनही उरले नव्हते तेव्हा, २०१८ मध्ये, तिच्यात पूर्ण लांबीचा कथापट झाला. बहुतेक नटांना भाषा येत नव्हती; त्यांनी म्हाताऱ्यांसोबत शिबिरात बसून संवाद शिकले. पेरूत ओस्कार काताकोरा यांनी २०१७ मध्ये पूर्ण आयमारा भाषेतला कथापट केला तेव्हा मुख्य भूमिकेत त्यांचे स्वतःचे आजोबा होते. तुमच्या चौथ्या समाजाच्या दोनचार मुलांना मोबाइल आणि एक बऱ्यापैकी माइक द्या. विषय सुचवू नका, 'तुमची संस्कृती दाखवा' असं तर मुळीच म्हणू नका. आपल्या घरच्यांना हसवेल असं दहा मिनिटांचं काहीही करा, एवढंच सांगा. ते तयार झालं की बाकीच्या तीन भाषांत सबटायटलं करायला घ्या. ती लिहिताना ज्याचा आवाज पडद्यावर आहे त्यालाच शेजारी बसवा, आणि प्रत्येक हसण्यापाशी थांबून विचारा, इथे नक्की काय म्हणालास?